सामाजिक उद्यमशीलता आणि तिचे शिक्षण : मुरबाड-शहापूर परिसराच्या आधारे एक विवेचन

१. संज्ञेचा विचार

'सामाजिक उद्यमशीलता' ही संज्ञा गेल्या काही दशकांत मराठीत रूढ झाली असून शासकीय योजना, स्वयंसेवी संस्थांची पत्रके आणि विद्यापीठीय अभ्यासक्रम ह्या तिन्ही ठिकाणी तिचा मुक्तपणे वापर होताना दिसतो. युवकांच्या ठिकाणी ह्या उद्यमशीलतेची कौशल्ये निर्माण करावीत, असा आग्रहही सर्वत्र धरला जातो. परंतु संज्ञेचा आशय निश्चित केल्यावाचून कौशल्यांची यादी करणे म्हणजे औताच्या आधी पेरणी करण्यासारखे आहे. म्हणून प्रथम शब्दांकडे वळणे इष्ट ठरेल.

'उद्यम' हा शब्द 'उद्' हा उपसर्ग आणि 'यम्' हा धातू ह्यांपासून सिद्ध झाला आहे. उचलणे, उगारणे, प्रयत्नास सिद्ध होणे हा त्याचा मूळ अर्थ होय. नफा ही कल्पना त्याच्या अर्थात अंतर्भूत नाही. ती नंतरच्या व्यवहाराने त्यास चिकटली. 'सामाजिक' ह्या शब्दाचा प्रवासही उद्बोधक आहे. संस्कृत नाट्यचर्चेत 'सामाजिक' म्हणजे सभेत बसून नाट्याचा आस्वाद घेणारा प्रेक्षक. आजच्या मराठीत मात्र समाजाशी संबंधित अशा कोणत्याही गोष्टीस हे विशेषण लावले जाते. 'कौशल्य' ह्या तिसऱ्या शब्दाविषयी परंपरेने दिलेली व्युत्पत्ती प्रसिद्धच आहे : हात न कापता कुश नावाचे धारदार गवत जो आणतो तो 'कुशल'. मम्मटाने रूढ लक्षणेचे उदाहरण म्हणून ह्याच शब्दाचा निर्देश केला आहे. ही व्युत्पत्ती शास्त्रदृष्ट्या कितपत ग्राह्य आहे हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी तिच्यातील एक सूचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. कौशल्य हे प्रत्यक्ष वस्तू हाताळताना, इजा होण्याचा संभव असताना, सिद्ध होते. केवळ श्रवणाने ते प्राप्त होत नाही.

ह्या विचाराच्या आधारे प्रस्तुत विवेचनापुरती पुढील व्याख्या स्वीकारता येईल. एखादी सामाजिक अडचण टिकाऊपणे दूर व्हावी ह्या हेतूने चालविलेला, मुख्यतः स्वतःच्या उत्पन्नावर उभा राहणारा, आणि ज्यांची ती अडचण आहे त्यांचाच त्या उत्पन्नाच्या विनियोगावर अधिकार असलेला व्यवसाय म्हणजे सामाजिक उद्यम. ह्या व्याख्येची तीन अंगे आहेत. पहिले अंग त्यास खाजगी व्यापारापासून वेगळे करते, दुसरे दानधर्मापासून आणि तिसरे शासकीय योजनेपासून. तिसरे अंग बहुधा विसरले जाते. ज्या उद्यमात गरीब माणूस केवळ लाभार्थी राहतो, म्हणजेच जुन्या अर्थाने 'सामाजिक', निव्वळ प्रेक्षक राहतो, त्यास सामाजिक उद्यम म्हणणे कठीण आहे.

उद्योजक म्हणजे उत्पादनसाधनांची नवी जुळणी करणारा, ही कल्पना जोसेफ शुंपेटर ह्याने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली. बांगलादेशातील अर्थशास्त्रज्ञ मुहम्मद युनूस ह्यांनी १९७६ मध्ये चितगावजवळील जोब्रा गावात अल्पशा कर्जांचा प्रयोग सुरू केला. त्यातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये त्यांना व बँकेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रातही ह्या वृत्तीची उदाहरणे थोडी नाहीत. १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला व त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. तिच्या सभासद भगिनी ह्याच तिच्या मालक मानल्या जातात. संज्ञा नवी असली तरी वस्तू जुनी आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

२. परिसर

मुरबाड आणि शहापूर हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले दोन तालुके होत. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर ठाणे जिल्ह्यात जे सात तालुके राहिले, त्यांत ग्रामीण व आदिवासी जीवनाचा ठसा ह्या दोन तालुक्यांवर सर्वाधिक आहे. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी आणि वारली ह्या जमातींची वस्ती येथे आहे. ह्यांपैकी कातकरी जमातीचा समावेश महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिम जमातींत होतो. कोलाम व माडिया गोंड ह्या अन्य दोन होत. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून जमातीस तिचे नाव मिळाले. वनांचे कायदे कडक होत गेले तसा हा धंदा हातचा गेला आणि जमातीच्या नावात तेवढा उरला.

ह्या परिसराची स्थिती एका विरोधाभासाने चटकन ध्यानात येते. तानसा आणि भातसा हे मुंबईला पाणी पुरविणारे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. तरीही ह्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाण्याचे जे होते तेच अन्य मालाचे व मनुष्यबळाचेही होते. पहिल्या पावसाबरोबर उगवणारी शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंग ह्या रानभाज्या डोक्यावरून कल्याणच्या बाजारात जातात. पावसाळा संपला की कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात. वस्तू आणि माणूस दोन्ही बाहेर जातात; त्यांच्यावर होणारी मूल्यवृद्धी बाहेरच घडते आणि बाहेरच राहते.

ह्या अवस्थेचे मर्म येथील आर्थिक व्यवहाराच्या शब्दसंग्रहात सापडते. 'खावटी' म्हणजे पावसाळ्यातील उपासमार टाळण्यासाठी घेतलेले धान्य अथवा पैसा. 'पालेमोड' म्हणजे पीक उभे असतानाच ते हलक्या भावाने सावकारास लिहून देऊन घेतलेली रक्कम. 'बयाणा' म्हणजे वीटभट्टीच्या हंगामाआधी कुटुंबाने मालकाकडून उचललेला पैसा. तिन्ही शब्द वेगवेगळ्या व्यवहारांचे आहेत. परंतु तिघांच्या मुळाशी एकच घटक आहे, तो म्हणजे काळ. पैसा आज हवा असतो. पीक, वेतन अथवा मालाची किंमत उद्या यावयाची असते. जो उद्यापर्यंत थांबू शकतो तो भाव ठरवितो. जो थांबू शकत नाही त्यास ठरलेला भाव मान्य करावा लागतो. येथील दारिद्र्य हे कष्टाच्या अथवा बुद्धीच्या अभावातून आलेले नसून थांबण्याच्या सामर्थ्याच्या अभावातून आलेले आहे. युवकांना कोणती कौशल्ये शिकवावयाची ह्याचा निर्णय ह्या निदानावर अवलंबून आहे.

३. पूर्वपीठिका

हे निदान नवे नाही. मुरबाड तालुक्यातील सिद्धगड येथे २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झालेले भाई कोतवाल हे प्रामुख्याने १९४२ च्या लढ्यातील आझाद दस्त्याचे नेते म्हणून स्मरले जातात. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका नाभिक कुटुंबात जन्मलेल्या आणि कायद्याचे शिक्षण घेतलेल्या ह्या तरुणाने त्यापूर्वी कर्जतच्या बाजूच्या खेड्यांत शाळा काढल्या होत्या आणि शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी धान्यकोठ्या स्थापन केल्या होत्या. हुतात्मा झाले तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते.

धान्यकोठीची कल्पना वरवर साधी दिसते. सुगीच्या वेळी प्रत्येकाने थोडे धान्य एका ठिकाणी जमा करावे. पावसाळ्यात गरजवंताने तेथून न्यावे. पुढील सुगीस अल्प वाढीसह ते परत करावे. सावकाराकडून मण घेतला तर सवाईने अथवा दिढीने, म्हणजे सव्वा किंवा दीड मण, फेडावा लागे. कोठीमुळे ही वाढ खाजगी हाती न जाता सर्वांच्या साठ्यात पडते आणि साठा पुढील वर्षी अधिक लोकांस पुरतो. वर दिलेल्या व्याख्येची तिन्ही अंगे येथे उपस्थित आहेत. अडचण सामाजिक आहे, साठा स्वतःच्या वाढीवर टिकतो आणि त्याची मालकी धान्य ठेवणाऱ्यांची आहे. कोठीने शेतकऱ्यास धान्य दिले, ह्यापेक्षा तिने त्यास श्रावणापासून कार्तिकापर्यंत थांबण्याचे बळ दिले, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

स्वातंत्र्योत्तर काळात हेच कार्य शासनाने अंगावर घेतले. १९७२ मध्ये नाशिक येथे मुख्यालय असलेले आदिवासी विकास महामंडळ सहकारी तत्त्वावर स्थापन झाले. १९७६ मध्ये आदिवासींच्या आर्थिक स्थितीच्या सुधारणेसाठी राज्याने कायदा केला व त्यानुसार आदिवासी क्षेत्रांतील शेतमाल आणि वनोपज ह्यांची एकाधिकार खरेदी योजण्यात आली. पालेमोडीस आळा घालणे हा तिचा एक हेतू होता. त्याच वर्षी वेठबिगारी नष्ट करणारा केंद्रीय कायदाही झाला. ह्या उपायांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या रचनेत आदिवासी हा विक्रेता होता, व्यवस्थापक नव्हता. खरेदी केव्हा सुरू व्हावी, माल कोठे उतरावा, त्याचे पुढे काय करावे, ह्या प्रश्नांची उत्तरे त्याने द्यावयाची नव्हती. साहजिकच ती देण्याचे कौशल्यही त्याच्या ठिकाणी निर्माण होण्यास वाव राहिला नाही.

४. गुळवेलीचे उदाहरण

ह्या पार्श्वभूमीवर शहापूर येथील एका अलीकडील प्रयत्नाचे महत्त्व कळते. कातकरी समाजातील सुनील पवार नावाच्या तरुणाने आणि त्याच्या दहाबारा मित्रांनी गुळवेल गोळा करून स्थानिक बाजारात विकण्यास सुरुवात केली. गुळवेल ही मोठ्या वृक्षांवर चढणारी वेल असून आयुर्वेदात तिचा अनेक रोगांवर उपयोग सांगितलेला आहे. औषधनिर्मात्यांकडून तिला मागणी असते. आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था ह्या नावाने हे कार्य संघटित झाले आणि पुढे ते प्रधानमंत्री वनधन योजनेशी जोडले गेले. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील बिजापूर येथे आरंभ झालेल्या ह्या योजनेत वनोपज गोळा करणाऱ्यांचे स्वयंसहाय्य गट एकत्र आणून सुमारे तीनशे सभासदांचे एक केंद्र करावे, त्यास प्रशिक्षण, साधने व खेळते भांडवल द्यावे आणि कच्च्या मालावर प्रक्रिया करूनच तो विकावा, अशी रचना करण्यात आली होती. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ट्रायफेड ह्या राष्ट्रीय सहकारी संस्थेकडे तिची अंमलबजावणी सोपविण्यात आली.

शहापूरच्या केंद्रातील कामाचा क्रम असा होता : सभासद रानातून वेल तोडून आणीत, तिचे तुकडे आठदहा दिवस वाळविले जात, मग ती सुकी अथवा चूर्णरूपाने पोत्यांत भरून खरेदीदारांकडे रवाना होई. २०२० च्या महामारीत गुळवेलीची मागणी देशभर वाढली. २०२१ मध्ये केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या वृत्तानुसार नामांकित औषधी कंपन्यांकडून ह्या गटास १ कोटी ५७ लाख रुपयांच्या मागण्या प्राप्त झाल्या होत्या आणि परिसरातील सहा केंद्रांतून सुमारे १,८०० लोक काम करीत होते.

हे आकडे कौतुकास्पद आहेत. परंतु शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा आहे. गुळवेल रानात पूर्वीही होती. ती ओळखणारे, तोडणारे हातही होते. कंपन्यांची मागणीही होती. ह्या तिन्हींच्या मध्ये जी पोकळी होती ती ह्या तरुणांनी कोणत्या गुणांच्या बळावर भरून काढली? त्या गुणांचे पृथक्करण झाले तरच ते इतरांस शिकविता येतील.

५. कौशल्यांचे पृथक्करण

पहिले कौशल्य परिसरज्ञानाचे. कोणती वेल कोणत्या झाडावर वाढते, ती किती जून झाली म्हणजे तोडावी, किती भाग राखला म्हणजे ती पुन्हा फुटते, हे ज्ञान कातकरी कुटुंबांत पिढीजात आहे. शाळेने त्यास ज्ञान म्हणून मान्यता दिली नाही, म्हणून शिकलेला मुलगा ते विसरण्यातच प्रगती मानू लागतो. सामाजिक उद्यमाच्या शिक्षणाची पहिली पायरी म्हणजे ह्या ज्ञानाची नोंद युवकांकडूनच करवून घेणे होय.

दुसरे कौशल्य हिशेबाचे. ते बेरीज-वजाबाकीपुरते नसून काळाचा हिशेब करण्याचे आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका गटाने १०० किलो ओली वेल किलोस ८ रुपये ह्या दराने सभासदांकडून घेतली. खर्च झाला ८०० रुपये. वाळवणे, पोती व वाहतूक ह्यांवर २०० रुपये पडले. वाळल्यावर माल २५ किलो उरला. म्हणजे सुक्या मालाचा खर्च किलोस ४० रुपये झाला. तो ४५ रुपयांस विकला तर १,१२५ रुपये येतील व १२५ रुपये उरतील. परंतु अवकाळी सर पडून ५ किलो मालास बुरशी आली, तर विक्री २० किलोंची, म्हणजे ९०० रुपयांची होईल आणि १०० रुपयांची खोट येईल. ताडपत्रीची किंमत किती, हा प्रश्न येथे आपोआप उपस्थित होतो. आता ह्याच उदाहरणात खरेदीदार साठ दिवसांनी पैसे देणार आहे असे धरावे. वेल आणणारी बाई साठ दिवस थांबू शकत नाही. तिला आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पैसे हवेत. म्हणजे गटाजवळ दोन महिने पुरेल एवढी रक्कम हाताशी हवी. ती नसेल तर कागदावर नफा दाखविणारा उद्यमही मोडतो आणि दारात उभा असलेला व्यापारी रोख पैसे देऊन माल घेऊन जातो. खेळत्या भांडवलाचे सारे तत्त्व ह्या एका उदाहरणात आहे. धान्यकोठीने शेतकऱ्यास जे दिले, तेच येथे खेळते भांडवल देते.

तिसरे कौशल्य भाषिक आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांनी त्याकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कातकरी बोलीची नोंद मराठीच्या संदर्भात झालेली आहे. घरात ही बोली, शाळेत प्रमाण मराठी, कल्याणच्या बाजारात हिंदीमिश्रित मराठी आणि कंपनीच्या पत्रव्यवहारात इंग्रजी, अशा चार थरांतून शहापूरच्या तरुण उद्यमीस जावे लागते. प्रत्येक थरावर तीच वस्तू निराळ्या शब्दांनी सांगावी लागते. रानात 'वेल', बाजारात 'माल', करारपत्रात ओलाव्याचे प्रमाण आणि वनस्पतीचे शास्त्रीय नाव. 'माल ओला आहे' ह्या व्यापाऱ्याच्या तक्रारीचा अर्थ 'भाव पाडून मागतो आहे' असाही असू शकतो, हे ओळखणे हे श्रवणाचे कौशल्य आहे. करारातील 'मान्यतेच्या अधीन' ह्यासारख्या शब्दप्रयोगाने सगळी जोखीम आपल्यावर येते, हे ओळखणे वाचनाचे. सभेत न बोलणाऱ्या वृद्धेचा आक्षेप तिच्याच बोलीत विचारून घेणे संभाषणाचे. ही कौशल्ये भाषाशिक्षणात बसत नाहीत असे मानणे चूक आहे. खरे तर भाषाशिक्षणाचा तोच गाभा असावयास हवा.

लेखन-वाचनाचा अधिकाराशी असलेला संबंध मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाच्या उदाहरणावरूनही स्पष्ट होतो. तेथील प्राथमिक शिक्षक योगेंद्र बांगर ह्यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी साठ वर्षांवरील स्त्रियांसाठी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. अंगठ्याऐवजी सही करता येणे ही घटना वरकरणी लहान. पण जो कागद वाचता येत नाही त्यावर उठविलेला अंगठा ही ह्या परिसरातील कर्जाच्या इतिहासाची मुद्रा आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे तिचे मोल कळते.

चौथे कौशल्य संघटनाचे. दहाबारा मित्रांचा गट विश्वासावर चालतो. तीनशे सभासदांचे केंद्र केवळ विश्वासावर चालत नाही, त्यास नियम लागतात. वजन कोणी करावे, काट्याची तपासणी कोणी करावी, वही कोणाजवळ असावी आणि ती कोणासही पाहता यावी की नाही, तोटा आला तर तो कसा वाटावा, ह्या प्रश्नांची उत्तरे वाद होण्यापूर्वी ठरवावी लागतात. सभेचे इतिवृत्त लिहिणे हे कंटाळवाणे काम वाटते. तथापि सार्वजनिक पैशाबाबतचा संशय दूर ठेवण्याचे त्याहून स्वस्त साधन अद्याप सापडलेले नाही.

पाचवे कौशल्य हक्कांच्या जाणिवेचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासी समाजांना मान्य केला. हा हक्क प्रत्यक्षात यावा यासाठी दावा, पुरावा, ग्रामसभेचा ठराव अशी वाट आहे. जो तरुण ही वाट जाणतो त्याचा माल नाक्यावर अडविला गेल्यास तो कागद दाखवितो. जो जाणत नाही तो पैसे देऊन सुटतो. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने जे अधिकार दिले, त्यांचे ज्ञानही ह्याच सदरात पडते.

६. शिक्षणाची रीत

ह्या पाचही कौशल्यांचे स्वरूप पाहता केवळ व्याख्यानमालांनी ती निर्माण होणार नाहीत हे उघड आहे. महाराष्ट्रात कृतीतून शिक्षणाची परंपरा दृढ आहे. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी काले येथे स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा व शिका' ह्या तत्त्वावर खेड्यांतील मुलांचे शिक्षण उभे केले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डी व त्यानंतर कोसबाड येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, आदिवासी मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे न्यावी, ह्या विचाराने अंगणवाड्या व कुरणशाळा चालविल्या. गुरे राखणाऱ्या मुलास कुरणातच शिकविणाऱ्या त्या शाळेचे तत्त्व आजच्या युवकांस तितकेच लागू आहे.

ह्या बाबतीत सर्वांत पद्धतशीर प्रयोग पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे झाला. अन्नतंत्रज्ञानातील संशोधक डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८-२००३) ह्यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळेच्या चौकटीत न बसलेल्या ग्रामीण तरुणांना अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य ह्या चार विभागांतील कामे प्रत्यक्ष करून शिकविणे, आणि शिकताना तयार झालेली वस्तू अथवा सेवा गावास योग्य किमतीत देणे, ही तेथील रीत आहे. हाच विचार पुढे माध्यमिक शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' ह्या विषयाच्या रूपाने आला. ह्या पद्धतीचा विशेष असा की तयार झालेल्या वस्तूचे मूल्यमापन शिक्षक एकटा करीत नाही. पैसे देऊन ती घेणारा शेतकरीही करतो. डळमळणारी खुर्ची किंवा गळणारा नळ ह्यांस उत्तरपत्रिकेतील ग्रेसगुण मिळत नाहीत.

मुरबाड-शहापूरच्या महाविद्यालयांपुरता विचार केला, तर ह्या पद्धतीसाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. १९६९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवेसाठी द्यावयाचे असतात आणि सात दिवसांचे निवासी शिबिर करावयाचे असते. बहुधा ह्या शिबिरात रस्ता झाडला जातो, बंधारा बांधला जातो, समारोप होतो आणि गाव व विद्यार्थी एकमेकांस विसरतात. तेच २४० तास एका पाड्याशी सलग जोडले तर त्यांचे रूप पालटेल. पहिल्या टप्प्यात विद्यार्थ्यांनी पाड्यातून बाहेर जाणाऱ्या व आत येणाऱ्या सर्व वस्तूंची, त्यांच्या भावांची आणि कर्जाच्या प्रकारांची वर्षभराची नोंद करावी. दुसऱ्या टप्प्यात त्यांपैकी एकच वस्तू निवडून, रानापासून अखेरच्या ग्राहकापर्यंत तिच्या मागोमाग जावे आणि प्रत्येक हातात किती पैसा राहतो ते लिहावे. तिसऱ्या टप्प्यात पाड्यातील युवकांबरोबर, त्यांनी ठरविलेल्या नियमांनी, अल्प प्रमाणावर खरेदी-विक्री करून पाहावी. चौथ्या टप्प्यात हिशेब ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा. तोटा आला असेल तर तोही वाचावा. त्याची कारणमीमांसा हाच त्या वर्षीचा प्रबंध समजावा.

ह्या क्रमात महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पाड्यातील तरुण ह्यांचे नाते मार्गदर्शक व लाभार्थी असे असू नये. वेल ओळखण्यात दुसरा गुरू आहे, करारपत्र वाचण्यात पहिला. पुष्कळदा ह्या दोन भूमिका एकाच तरुणात एकत्र येतात, कारण आज ह्या तालुक्यांतील महाविद्यालयांत आदिवासी विद्यार्थीही शिकत आहेत. त्यांना आपल्या घरचे ज्ञान वर्गात आणण्यास संकोच वाटू नये, एवढे वातावरण निर्माण झाले तरी अर्धे कार्य सिद्ध झाले असे समजावे.

७. आक्षेप आणि मर्यादा

ह्या विचारावर तीन आक्षेप संभवतात व ते गंभीरपणे घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की युवकांस उद्यमी होण्याचा उपदेश करून शासन आपली जबाबदारी त्यांच्या खांद्यांवर टाकते. रस्ता, पाणी, दवाखाना आणि रोजगार हमीचे काम ह्यांची जागा उद्यम घेऊ शकत नाही. शेजारी जलाशय असूनही कोरडा राहणारा पाडा ही उद्यमशीलतेच्या अभावाची नव्हे, तर न्यायाच्या अभावाची गोष्ट आहे. हा आक्षेप रास्तच आहे. म्हणूनच वरील विवेचनात हक्कांच्या जाणिवेस कौशल्यांत स्थान दिले आहे. हक्क मागता न येणारा उद्यमी हा अखेर दुसऱ्याचा मुकादम होतो.

दुसरा आक्षेप एकाच वस्तूवरील अवलंबनाचा आहे. महामारीत चढलेली मागणी महामारीबरोबर उतरू शकते, आणि मोठी मागणी आली म्हणजे वेल मुळासकट ओरबाडली जाण्याचा धोका वाढतो. ज्या उद्यमाचा कच्चा माल रान आहे, त्याने रान राखण्याचा खर्च प्रथमपासूनच किमतीत धरला पाहिजे. तो न धरता दिसणारा नफा हा पुढच्या पिढीकडून घेतलेला बयाणाच होय.

तिसरा आक्षेप नेतृत्वाविषयी आहे. असे प्रयत्न एखाद्या व्यक्तीच्या धडाडीवर उभे राहतात. ती व्यक्ती दूर होताच ते कोसळतात, असे म्हटले जाते. एका तरुणाची यशोगाथा सांगून इतर सर्वांस 'तुम्हीही तसेच व्हा' असे सांगण्याची जी सवय जडली आहे, तिने हा दोष वाढतो. वस्तुतः शिकविण्याजोगे जे आहे ते धडाडी नव्हे. वजनकाटा, वही, नियम, ताडपत्री आणि हाताशी असलेली रक्कम ह्या गोष्टी साध्या आहेत व दुसऱ्याच्या हाती देता येतात. जे हस्तांतरित करता येते तेवढेच शिक्षण.

८. समारोप

तीन निष्कर्ष निघतात. सामाजिक उद्यमशीलता हा व्यापारशिक्षणाचा उपविभाग नसून परिसरज्ञान, हिशेब, भाषा, संघटन आणि हक्क ह्या पाचांच्या मेळातून निर्माण होणारी क्षमता आहे. ही क्षमता प्रत्यक्ष व्यवहारातून व त्यातील तोट्यातून प्राप्त होते. म्हणून तिच्या शिक्षणात खऱ्या वस्तूचा, खऱ्या पैशाचा आणि खऱ्या ग्राहकाचा समावेश असणे अपरिहार्य आहे. आणि तिचे यश किती तरुण उद्योजक झाले ह्या संख्येने न मोजता, किती कुटुंबांना थांबण्याचे बळ आले ह्यावरून मोजले पाहिजे.

ही शेवटची कसोटी वापरण्यास सोपी आहे. त्यासाठी प्रश्नावली अथवा गुणपत्रक लागत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीचा मुकादम बयाण्याचे पैसे घेऊन पाड्यावर येतो. त्या दिवशी किती घरे 'यंदा नको' असे म्हणू शकली, हे वर्षानुवर्षे मोजीत गेले म्हणजे पुरे.